हेंड्रिकची चार झाडं

"फोन खाली धर. आणखी खाली. आता शेंड्याशी ने," हेंड्रिक म्हणाला.

मी ओल्या गवतात गुडघे टेकून, एका हातानं फांदी वाकवून, दुसऱ्या हातानं फोन तिच्या शेंड्याशी नेला. पलीकडे, पार आल्बर्टात, लेकीच्या घरातल्या सोफ्यावर बसलेला ऐंशीच्या पुढचा हेंड्रिक चष्मा कपाळावर चढवून पडद्याकडे टक लावून बघत होता. हेंड्रिक गप्प बसला की काहीतरी बिनसलं समजायचं, कारण एरवी तो माणूस कोबीच्या गड्ड्यावरसुद्धा अर्धा तास बोलू शकायचा.

"ही फुलं नाहीत," शेवटी तो म्हणाला. "पानं आहेत. सप्टेंबर लागला आणि तुझी झाडं अजून पानंच काढताहेत."

"मग आता?"

"मला नाही सांगता येणार. इतकी वर्षं ही झाडं लावली, असं कधी पाहिलं नाही."

झाडं गांजाची होती. आज मी हे सरळ सांगते, पण त्या वर्षी आमच्या घरात तो शब्द कुणी उच्चारत नव्हतं. कॅनडात कायदा नुकताच बदलला होता आणि घरामागे चार झाडं लावायला सरकारची ना नव्हती. पण सासूबाई वाईहून आल्या होत्या, आणि सासूबाईंसमोर 'गांजा' म्हणायला सरकारची परवानगी पुरत नाही. आम्ही त्यांना सांगितलं होतं, हे हेंड्रिक आजोबांचं औषधी झुडूप आहे. त्यांनीही 'बरं' म्हणून विषय सोडून दिला होता.

औषध होतं हे मात्र खरं. माझा नवरा शिरीष विमानतळावर सामानाचे पट्टे दुरुस्त करायचा. एक दिवस शिडीवरून पडला आणि मणका दुखावून बसला. ऑपरेशन झालं, तो चालू लागला, लोक म्हणाले, सुटलात. पण पाठीतली कळ दिवसा दबा धरून बसायची आणि अंथरुणाला पाठ टेकली की उठायची. वर्ष उलटून गेलं तरी तो सलग दोन तासांच्या वर झोपला नव्हता. रात्र हॉलमधल्या खुर्चीत बसून काढायचा. गोळ्यांनी दिवसभर गुंगी यायची, जिन्यात दोनदा तोल गेला, म्हणून त्या बंद केल्या. डॉक्टरांच्या सल्ल्यानं दुकानातलं गांजाचं तेल आणलं, तर त्यानं छातीत धडधडायला लागलं. डोळे खोल गेले, बोलणं आटलं. मूळचा माझ्याशी कडकडून भांडणारा माणूस 'तू म्हणशील तसं' म्हणायला लागला, आणि ते मला सगळ्यांत जास्त लागायचं.

हेंड्रिक तेव्हा शेजारी राहायचा. त्याची बायको ट्रूडा सांधेदुखीची. तिच्यासाठी तो कायदा नव्हता तेव्हापासून परसात ही झाडं लावत आला होता. त्यानं आपल्या तेलाची बोटभर बाटली दिली. डॉक्टरांना विचारलं, त्यांनी हरकत घेतली नाही. पहिल्याच रात्री शिरीष पहाटेपर्यंत झोपला. ती बाटली तीन आठवडे पुरली आणि तीन आठवडे मला माझा नवरा परत मिळाला. मिठावरून भांडलासुद्धा. मग बाटली संपली. त्याच सुमारास ट्रूडा गेली, हेंड्रिकनं घर विकलं, आणि लेकीकडे जाताना आपल्याजवळच्या शेवटच्या बियांची चार रोपं करून त्यानं माझ्या हातात दिली. लेकीचं घर सातव्या मजल्यावर होतं, तिथे माती नव्हती. "बी संपलं," तो म्हणाला होता. "हे दुसरीकडे कुठे मिळायचं नाही. आणि रसायनाचा थेंब नको. जे फवारशील ते तेलात उतरेल आणि तुझा नवरा ते पिईल."

मी सासवडकडच्या शेतकऱ्याची मुलगी. मला वाटलं, चार झाडं म्हणजे काय मोठंसं. पण शेतकऱ्याच्या घरात जन्मलं म्हणजे शेती येते असं नाही. आमच्याकडे माती दादाच्या वाट्याला आली होती आणि पुस्तकं माझ्या.

म्हणून जूनमध्ये मी दादाला फोन करून जीवामृताची कृती घेतली. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन. शेण गावाबाहेरच्या गोठ्यातून मिळालं. गोमूत्र कशाला हवंय हे त्या गोऱ्या गोठेवाल्याला कसं समजवावं ते सुचेना, तेव्हा ते वगळलं. पिंपात सगळं कालवताना आई, म्हणजे सासूबाई, शेजारी उभ्या होत्या. म्हणाल्या, "बेसन थोडं भाजून घेतलं असतंस तर लाडू झाले असते."

हेंड्रिकला आता पहिला संशय त्या जीवामृताचा आला. खत जास्त झालं की झाड माजतं, नुसतं पाल्यावर जातं. मी खत बंद केलं. मग पानांवर भुरी आली, पीठ शिंपडल्यासारखी. त्यावर ताक फवारायचं असं दादा म्हणाला. आईंनी स्वतः घुसळून, लोणी काढून, ताक पातळ करून दिलं. मग अळ्या. त्या मी चिमट्यानं वेचायची आणि आई चातुर्मासात हत्या नको म्हणून त्या वाटीत घालून कुंपणापलीकडे सोडून यायच्या, म्हणजे हेंड्रिकच्या घराच्या नव्या मालकांच्या टोमॅटोवर. पाणी कमी करून पाहिलं, जास्त करून पाहिलं. राख घातली. कडुनिंबाचं तेल मारलं. भुरी गेली, अळ्या गेल्या, झाडं माझ्या डोक्याच्या वर गेली, पण फुलाचं नाव नाही. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं चाललं होतं. आणि ऑक्टोबरच्या मध्यात दव गोठायला लागलं की सगळा खेळ खलास.

आईंचा चातुर्मास इथेही कडक होता. कांदा-लसूण बंद, जेवताना मौन, संध्याकाळी तुळशीला प्रदक्षिणा, आणि तुळशीपाशी रात्रभर दिवा. तुळस मिसिसागाच्या एका मैत्रिणीकडून आणलेली, मागच्या लाकडी डेकवर कुंडीत होती. आषाढी एकादशीला हातावर पाणी सोडून संकल्प केला होता, दिवस मावळल्यापासून उजाडेपर्यंत दिवा विझू द्यायचा नाही आणि कार्तिकी एकादशीपर्यंत जागचा हलवायचा नाही. पहिल्या रात्री तेलाचा दिवा लावला तर वाऱ्यानं ज्योत आडवी होऊन कठड्याला झळ लागली. तेव्हा शिरीषनंच कण्हत-कुंथत कठड्यावर एक विजेचा दिवा बसवून दिला. आईंनी विजेचा दिवा देवाला चालतो का यावर एक दिवस विचार केला आणि चालतो असं ठरवलं. पडल्यापासून शिरीषनं हातात पक्कड धरली ती त्या दिवशी पहिल्यांदा, त्यामुळे मला त्या दिव्याचं कौतुकच होतं.

गौरी-गणपती झाले. विसर्जनानंतरचं निर्माल्य खताच्या ढिगात टाकायला मी बागेतल्या शेडच्या मागे गेले. तिथे चौथं झाड होतं. रोपं लावताना तिघांना डेकसमोर, भरपूर उन्हात जागा मिळाली, आणि उरलेलं एक मी शेडमागे खोचलं होतं. तिथे जेमतेम अर्धा दिवस ऊन. जीवामृत तिथपर्यंत क्वचितच पोचायचं, ताकही उरलं तर. त्या झाडाची आशा मी कधीच सोडली होती.

ते झाड फुललं होतं. फांदीफांदीच्या टोकाला पांढऱ्या केसरांचे झुबके, आणि हात लावला तर बोटं चिकट होऊन उग्र वास येत होता. मी निर्माल्याची पिशवी तिथेच टाकून शिरीषला हाक मारली.

तो काठी टेकत आला, झाडाकडे पाहिलं, मग वळून डेकसमोरच्या तिघांकडे पाहिलं. कितीतरी महिन्यांनी त्याच्या चेहऱ्यावर यंत्र उघडून बघतानाचा भाव मला दिसला. तो म्हणाला, बी एक, माती एक, पाणी एक. मग त्या तिघांना असं काहीतरी मिळतंय जे ह्याला मिळत नाही. आम्ही अंदाज करत बसलो. ऊन जास्त मिळतं, पण उन्हानं फुलायला हवं. खत जास्त मिळालं, पण ते तर बंद केलं. गाडी तिथेच अडली.

संध्याकाळी मी दोरीवरचे कपडे काढायला बाहेर गेले. आईंनी तुळशीला प्रदक्षिणा घातल्या, नमस्कार केला आणि बटण दाबलं. माझी लांबलचक सावली त्या तीन झाडांवर पडली. मी बाजूला सरकले. झाडं अशी उजळून निघाली की पानांच्या शिरा मोजून घ्याव्यात. आणि शेडच्या मागे काळोख होता.

मला आमच्या शेवंतीच्या वावराची आठवण झाली. वावराच्या कडेनं रस्ता गेला होता आणि ग्रामपंचायतीनं तिथे खांब रोवून दिवा बसवला होता. दसऱ्याला सगळं वावर पिवळं व्हायचं आणि खांबाखालचा तेवढा तुकडा हिरवागार राहायचा. वडील त्या तुकड्याकडे बघून म्हणायचे, तिला वाटतंय अजून दिवस मावळला नाही. शेवंतीला फुलायला लांब, काळी रात्र लागते. हे मी लहानपणापासून ऐकत आले होते, आणि तीन महिने शेण कालवत फिरत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

मी कपडे टोपलीत कोंबून आत पळाले आणि हेंड्रिकला फोन लावला. तो मोठ्यानं हसला. त्यानं मला माती, पाणी, छाटणी सगळं शिकवलं होतं, पण अंधाराबद्दल सांगायचं त्याला सुचलंच नव्हतं, कारण काटकसरी ट्रूडानं परसात कधी दिवाच लावू दिला नव्हता. मग तो गंभीर झाला. आजपासून अंधार दिलास तर कदाचित जमेल, म्हणाला. मध्ये एक रात्रही उजेड नको, त्यांचा पुन्हा गोंधळ होईल. "कदाचित" वर त्यानं फारच जोर दिला.

मी शिरीषला सगळं सांगितलं. त्याचा चेहरा आधी उजळला आणि लगेच पडला.

"आईला सांगायचं नाही," तो म्हणाला.

"का?"

"तिचा नेम आहे. अर्ध्यावर मोडायला लावू? इथे तिला दुसरं आहे काय? देऊळ नाही, शेजारीण नाही, तुळस आणि तो दिवा. शेडमागचं एक झाड आहे ना, तेवढं बास."

"एक झाड महिनाभर पुरेल. पुढे?"

"पुढे काही नाही. मला आता सवय झालीय, वृषाली."

मला भयंकर राग आला. मी म्हणाले, तुला झाली असेल, मला नाही झाली. रोज पहाटे उठून हॉलमध्ये तुला तसं बसलेलं बघायची सवय मला कधीच होणार नाही. तो भांडलाही नाही. त्या रात्री दिवा जळत राहिला आणि मी खिडकीतून त्याच्याकडे बघत पडून राहिले.

सकाळी शिरीष अंघोळीला गेल्याची संधी साधून मी स्वयंपाकघरात गेले. आई टेबलाशी मेथी निवडत होत्या. मी समोर बसून एक जुडी ओढली आणि शेवंतीपासून सुरुवात केली. खांब, दिवा, हिरवा तुकडा. त्या मान डोलवत होत्या. मग मी डेकवर आले, दिव्यावर आले, आणि म्हणाले की ती जी औषधी झुडपं आहेत ना, त्यांनासुद्धा-

"गांजा म्हण गं," आई म्हणाल्या. "कृष्णेच्या घाटावर बैरागी बसायचे. शाळेत जाताना रोज बघायचे मी. पहिल्या दिवशीच ओळखला."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही दोघं इतक्या हौसेनं लपवत होतात. म्हटलं, कशाला विरस करा."

मला हसू आलं, पण त्या हसत नव्हत्या. काडी हातात तशीच धरून बसल्या होत्या.

"म्हणजे दिव्यामुळे फुलं येत नाहीत."

"हो, आई."

"आणि फुलं आली नाहीत तर शिरूचं तेल होणार नाही."

"एका झाडाचं होईल. थोडंसं."

त्यांनी काडी ताटलीत ठेवली. "तू मला कधी विचारलं नाहीस, हा दिवा कशासाठी ते."

मी म्हणाले, चातुर्मासाचा नेम म्हणून, दुसरं काय.

"दर चातुर्मासाला मी काहीतरी सोडते. कधी भात, कधी गोड. दिवा कधी ठेवला नव्हता. इथे आले आणि पहिल्या रात्री पाणी प्यायला उठले तर पोरगा अंधारात बसलेला. दुसऱ्या रात्रीही तसाच. मग मी देवाला म्हटलं, माझ्या घरात कुणीतरी रात्रभर जागायलाच हवं असेल तुला, तर हा दिवा जागेल. त्याच्या वाटचं जागणं ह्याच्याकडून घे आणि त्याला झोपू दे."

माझे हात थांबले. मला रडू आलं, आणि आलेल्या रडण्याचा रागही आला.

"आणि मीच त्याचं औषध अडवून बसले," आई म्हणाल्या.

"तुम्हाला काय माहीत, आई. आम्हाला तरी कुठे माहीत होतं."

मग त्यांनी विचारलं की शिरीषला हे ठाऊक आहे का. तो काय म्हणाला ते मी सांगितलं. "गाढव आहे," त्या म्हणाल्या, इतक्या मायेनं की ते कौतुकच वाटावं. "लहानपणी दाराच्या फटीतून उजेड आला तरी ह्याला झोप यायची नाही. माजघरातला कंदील मला पदराआड धरून न्यावा लागायचा. झाडंही त्याच्यासारखीच म्हणायची."

"पण नेम मोडेल, आई. देवाला काय सांगणार?"

"ते मी आणि तो बघून घेऊ," त्या म्हणाल्या आणि मेथी पुढे ओढली.

संध्याकाळी त्यांनी प्रदक्षिणा घातल्या. नेहमीपेक्षा जास्त वेळ हात जोडून उभ्या राहिल्या, ओठ हलत होते. मग बटणाला हात न लावता आत आल्या आणि मागे वळूनही न पाहता पडदा ओढून घेतला. शिरीष माझ्याकडे बघत होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

त्यानंतर आमच्या घरात अंधाराचं राज्य सुरू झालं. दिवस कलला की आई एकेक खिडकीचे पडदे ओढत फिरायच्या. शिरीष एकदा परसात फोनचा उजेड पाडून काहीतरी शोधायला गेला, तर त्याला अशा बोलल्या की तो पोरासारखा आत आला. आणि दहा-बारा दिवसांनी, एका सकाळी, डेकसमोरच्या मधल्या झाडावर मला पहिले पांढरे केसर दिसले. मी ते हेंड्रिकला फोनवर दाखवले. तो फक्त म्हणाला, "ही फुलं आहेत." मी गवतातच बसले.

पण निम्मी लढाई पुढेच होती. ऑक्टोबरात आठवडाभर पाऊस लागला आणि एका झाडाच्या भरलेल्या फुलांत आतून राखाडी बुरशी शिरली. कापून कापून ते झाड निम्मं हातचं गेलं. मग थंडी आली. दव गोठणार अशी बातमी लागली की आई आपल्या सुती साड्या बाहेर काढायच्या आणि आम्ही बांबू रोवून झाडांवर त्या पांघरायचो. हेंड्रिकच्या घराचे नवे मालक कुंपणावरून फोटो काढायचे. त्यांना वाटलं असावं की आमचा कसलातरी सण आहे. सकाळी गवत पांढरं व्हायचं, त्यांच्या भोपळ्याचे वेल काळे पडले, आणि आमची झाडं इरकली साड्यांतून जशीच्या तशी बाहेर यायची.

एक गोष्ट मला त्या दिवसांत खटकत होती. आई दिवसा पेंगायला लागल्या होत्या. टीव्हीसमोर, पोथी वाचताना, एकदा तर हातात उलथनं धरून. मी विचारलं तर म्हणाल्या, "इथली थंडी अंगात भरते गं." शिरीष म्हणाला की आई रात्रीही हॉलमध्ये त्याच्याजवळ येऊन बसते, म्हाताऱ्या माणसांना झोप कमीच असते. मलाही ते पटलं. घरातलं एक माणूस झोपत नसलं की दुसऱ्याकडे बघायला सवड कुठे असते.

दिवाळीच्या तोंडावर आम्ही झाडं कापली. तळघरात दोऱ्या बांधून वाळवली. मग तिघं जण वर्तमानपत्र अंथरून फुलं निवडायला बसलो. त्यातल्या काही फुलांत टपोरं, करडं बी निघालं. मी घाबरून हेंड्रिकला विचारलं, बिघडलं का काही? तो म्हणाला की उजेडानं झाडाचा गोंधळ झाला की कधीकधी ते स्वतःच बी धरतं. चांगला बागवान ह्याला दोष म्हणेल, म्हणाला. त्यानं नाक शिंकरलं आणि म्हणाला, मी काही म्हणणार नाही, फक्त मूठभर पाकिटात घालून मला पाठव. लेकीनं गावाबाहेर वाफा भाड्यानं घ्यायचं कबूल केलं होतं.

तेल खोबरेलात उतरवलं. फोनवर हेंड्रिक आणि शेगडीपाशी आई. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता, तरी आच किती ठेवावी यावरून दोघांचं चांगलंच जुंपलं. शेवटी आई म्हणाल्या, तुपासारखं मंद, आणि हेंड्रिकनं पलीकडून काहीही न कळता मान डोलावली.

पहिल्या रात्री शिरीषनं चमच्याच्या टोकावर तेल घेतलं आणि खोलीत जाऊन पडला. मी शेजारी पडले आणि त्याच्या कुशी बदलण्याची वाट बघत बघत मलाच झोप लागली.

जाग आली तेव्हा खिडकीत चांगला उजेड होता. सवयीनं मी शेजारी न बघता उठले आणि हॉलमध्ये गेले. खुर्चीत कुणीतरी बसलं होतं. जवळ जाऊन पाहिलं तर त्या आई होत्या. अंगावर शाल, हातात जपमाळ, डोळे लाल.

"शिरीष?" मी विचारलं.

"आतच आहे. रात्रभर एकदाही उठला नाही," त्या म्हणाल्या. "मी जागीच होते ना."

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. मला एकदम सगळं कळलं. दुपारचं पेंगणं, हातातलं उलथनं, त्यांचं आणि देवाचं काय ठरलं होतं ते.

"तेव्हापासून रोज?" मी म्हणाले.

"दिव्याकडून काढून घेतलं, मग कुणीतरी करायला हवं होतं की नाही?" त्या म्हणाल्या. "शिरूला बोलू नकोस. चिडेल." मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आत जाऊन एकदा बघून ये. श्वास नीट चाललाय ना त्याचा? इतका वेळ झोपलेला नाही बघितला मी त्याला."

मी जाऊन आले. सांगितलं, नीट चाललाय, घोरतोय. त्यांनी मला पुन्हा पाठवलं, या वेळी नाकासमोर हात धरून बघायला. मी तेही केलं. शिरीष तोंड उघडं टाकून, एक हात पलंगाखाली लोंबकळत ठेवून, बिनघोर झोपला होता. मी त्याच्याजवळ थोडा वेळ उभी राहिले. मला आनंदानं ओरडावंसं वाटत होतं आणि तेच करता येत नव्हतं.

बाहेर आले तर आईंनी माळ मांडीवर ठेवली होती.

"झोपलाय?"

"गाढ झोपलाय, आई."

"मग आता मी झोपू का गं?" त्यांनी विचारलं, आणि मी हो म्हणायच्या आत त्यांची मान कलली.

मी त्यांची शाल सारखी केली, फोन बंद केला आणि स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं, कारण भांडं वाजलं असतं. त्या दिवशी आमच्याकडे सकाळचा चहा दुपारी झाला. साखर कमी पडली म्हणून शिरीष माझ्याशी कडकडून भांडला.